गोदाकाठचा गुन्हा

नाशिकला गेलेला माणूस रामकुंडावर जातोच. ओंजळीत पाणी घेतो, डोळ्यांना लावतो आणि मग क्षणभर त्या पाण्याकडे बघत राहतो. हे तीर्थ तोंडात घ्यावे की नाही, हा प्रश्न आजोबांना पडत नव्हता; नातवाला पडतो. कोणी विचारील, अहो, नदी नासवणे हा गुन्हा नाही काय? आहे. परंतु तो गुन्हा केवढा, आणि गुन्हेगार कोण, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सृष्टीची नासाडी ही राज्याने अडवावयाची गोष्ट आहे, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात आरमाराच्या लाकडाचा विषय आला आहे. लाकूड तर हवे, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लागू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. झाड काही वर्षा-दोन वर्षांत उभे राहत नाही. लोकांनी ते लेकराप्रमाणे वाढविलेले असते. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. आता पाहा, येथे धाक कोणाला आहे? रयतेला नव्हे, सरकारच्याच माणसांना.

इंग्रजी अमदानीत हा धाक उलटला. १८६५ साली थळघाटातून आगगाडी वर आली. रूळांखालच्या स्लीपरांना आणि इमारतींना लाकूड लागे, म्हणून जंगलाला मोल चढले. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वने करण्याचा अधिकार सरकारला दिला. तेथे परवानगीवाचून झाड तोडणे, गुरे चारणे हा गुन्हा ठरला. मोठी तोड सरकारी हुकुमाने होई, तिला काम म्हणत. पेठ-इगतपुरीकडची आदिवासी बाई डोक्यावर मोळी घेऊन निघाली, की ती मात्र गुन्हेगार! हा अन्याय स्वतंत्र भारताच्या संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच ऐतिहासिक अन्याय म्हणून मान्य केला. तरीही त्या हक्कांच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी-आदिवासींना नाशिकहून मुंबईपर्यंत पायी जावे लागले.

हे झाले रानाचे. पाण्याचे काय? १८६० च्या दंडसंहितेत २७७ वे कलम होते. सार्वजनिक झरा किंवा जलाशय मुद्दाम घाण करणाऱ्यास तीन महिने कैद, किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. पण झरा आणि जलाशय म्हणजे वाहती नदी नव्हे, असा निवाडा मद्रासच्या उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये दिला. गंमत बघा, विहीर बाटवली तर गुन्हा, आणि गोदावरीसारखी नदी या कलमाच्या बाहेर! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २७९ व्या कलमात कैद सहा महिन्यांपर्यंत आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. शब्द मात्र तेच राहिले, झरा आणि जलाशय.

नदीसाठी वेगळा कायदा १९७४ साली झाला. पुढे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली, आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. कैद उरली ती दंड न भरणाऱ्यास. अशा बदलाची बाजू घेणारे म्हणतात की खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, दंड लवकर वसूल होईल. म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्याला पंधरा लाख म्हणजे एका दिवसाचा खर्च, त्याला तो दंड वाटेल की नदी वापरण्याचे भाडे?

जगाचा ओघ मात्र दुसरीकडे वळत आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने रानांवर विषारी औषध फवारले, तेव्हा १९७० मध्ये आर्थर गॅल्स्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘इकोसाइड’, म्हणजे सृष्टिसंहार, हा शब्द पुढे आणला. २०२१ मध्ये कायदेपंडितांच्या एका मंडळाने त्याची व्याख्या केली. तीव्र आणि व्यापक किंवा दीर्घकाळ टिकणारी हानी होण्याचा मोठा संभव आहे हे ठाऊक असूनही केलेले बेकायदा वा बेदरकार कृत्य, असा तिचा मथितार्थ. २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ या चिमुकल्या बेटांनी हा गुन्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत घ्यावा, अशी मागणी केली. समुद्र त्यांच्या दाराशी आला आहे ना! आपला देश त्या न्यायालयाचा सदस्य नाही. परंतु चांगला विचार घ्यायला सदस्यत्व कशाला हवे?

या व्याख्येत ‘ठाऊक असूनही’ हे शब्द मोलाचे आहेत. मोळीवालीला ते लागू पडत नाहीत. रानाचे रान उठवणाऱ्याला, नदीत विष सोडणाऱ्याला पडतात. म्हणजे धाक पुन्हा समर्थाकडे वळतो, अमात्यांच्या आज्ञेत तो होता तसाच. सिंहस्थाला गोदावरीवर लाखो लोक पापे धुवायला येतात. पण गोदावरीचे जे पाप आपण केले, ते कोणत्या कुंडात धुवायचे?