आमची काळी मेंढी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी थोर पुरुषांची चरित्रे येतात, देणगीदारांची नामावली येते, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या मुक्या प्राण्याच्या जिवावर आपल्या समाजाचे शेकडो वर्षांचे संसार चालले, त्याच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे आजवर कोणाच्या मनात आले नाही. आमच्याही आले नाही. ही उणीव यथामती भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मेंढ्या प्रथम वारुळातून बाहेर पडल्या आणि त्यांना सांभाळण्यासाठी महादेवाने धनगर निर्माण केला, ही कथा आपल्या वाडवडिलांनी ओव्यांतून जतन केली आहे. खंडोबाने बाणाईसाठी चंदनपुरीस जाऊन तिच्या वाड्यावर मेंढ्या राखल्या, हेही सर्वांस विदितच आहे. कथा बाजूस ठेवली तरी या व्यवसायाचे प्राचीनत्व उणे होत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत मेंढ्या-शेळ्यांची हाडे मिळाली. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या दैवताचे मूळ गवळी-धनगरांच्या परंपरेत शोधले. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने तर आयुष्याची कित्येक वर्षे बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या भक्तांचा अभ्यास करण्यात वेचली. परदेशातील मनुष्यास ज्याचे मोल कळले, ते आपणांस कळू नये हे नवलच म्हणावयाचे.

आता मूळ विषयाकडे वळू. शास्त्रीय ग्रंथांत जिला ‘दख्खनी’ म्हणतात, तीच आपली काळी मेंढी. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही प्रांतांच्या कोरड्या पठारावर तिचा विस्तार आहे. अंग आटोपशीर, नाक किंचित फुगीर, कान लोंबते, रंग बहुधा काळा किंवा काळा-पांढरा, आणि अंगावर जाडीभरडी लोकर. मेंढीचे वजन पंचवीस-तीस किलोंच्या आसपास भरते. पाच महिन्यांच्या गाभणकाळानंतर ती बहुधा एकच कोकरू देते. पहिल्या दृष्टीस तिच्यात विशेष काही दिसत नाही. परंतु तिचा खरा गुण पाहावयाचा असेल तर तो उन्हाळ्यात पाहावा. बाभळीच्या शेंगा, वाळलेला पाला, कापणीनंतर शेतात उरलेला धसकटांचा चारा, एवढ्यावर ती दिवसभर मैलोगणती चालते आणि रात्री वाघरीत शांत बसते. हा गुण कोणा राजाने दिला नाही की कोणा दवाखान्याने दिला नाही. प्रत्येक दुष्काळात जी तगली तिचीच संतती पुढे चालली, आणि जो नर खडतर वाटेवर टिकला तोच आपल्या पूर्वजांनी राखला. म्हणजे ही जात हे निरक्षर मेंढक्यांनी पिढ्यानपिढ्या घडविलेले एक शास्त्रच होय.

शेतकऱ्याशी असलेला तिचा ऋणानुबंधही तितकाच जुना. बालाघाटाच्या मुरमाड माळावर काय आणि गंगथडीच्या काळ्या रानात काय, पेरणीपूर्वी शेतात मेंढ्या बसविण्याची रीत सर्वत्र होती. लेंडी आणि मूत्र जागच्या जागी पडे. खताची गाडी भरावी लागत नसे. त्याबद्दल मेंढक्यास ज्वारी-बाजरी मिळे. लोकर वर्षातून दोनदा कातरली जाई. कोकराच्या पहिल्या मऊ जावळाचा मान वेगळा. घरातील वृद्ध स्त्रिया सूत कातीत, सणगर बंधू त्यास चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडी विणीत. तीच घोंगडी शेतकऱ्याचे पावसाळी पांघरूण, बाळंतिणीचे अंथरूण आणि देवाचे आसन होई.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो, परंतु ते दिवस पुसले गेलेले नाहीत. घाटनांदूरच्या परिसरात मोठी माणसे खडी फोडावयास जात, आणि घरोघरी मिलोच्या लाल भाकरी होत. गोठ्यातील बैल दावणीला बसले ते पुन्हा उठले नाहीत. आमच्या आजोबांनी मात्र वाडा हलविला आणि मेंढ्या गंगथडीकडे नेल्या. परत आले तेव्हा कळप निम्माच उरला होता. पण त्या निम्म्यावरच आमचे घर पुन्हा उभे राहिले आणि आमच्या शाळेच्या फीचे पैसेही त्यातूनच निघाले.

असे असता या मेंढीस उतरती कळा का लागली? पहिले कारण लोकर. दख्खनी मेंढीपासून वर्षाला किलोच्या आतच लोकर मिळते, आणि तीही भरड. एके काळी लष्करासाठी जाड कांबळी घेतली जात, ती मागणी आटली. पुढे परदेशी मऊ लोकर व गिरणीची स्वस्त ब्लँकेटे बाजारात आली. आज कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक होते. दुसरे कारण संकर. लोकर मऊ व्हावी म्हणून रॅम्बुइले व मेरिनो या विदेशी जातींशी दख्खनीचा संकर करण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. पण थंड मुलखातील त्या रक्तास आपल्या वाटा मानवल्या नाहीत. तिसरे कारण मांसाचा वाढता भाव. त्यापायी उंच, अल्प लोकरीच्या, झपाट्याने वजन धरणाऱ्या माडग्याळ मेंढ्यांचे नर दूरदूरच्या कळपांत शिरले. माडग्याळ ही जत तालुक्यातील उत्तम मेंढी आहे, तिच्याशी आमचे वैर नाही. परंतु एकाच जातीचे नर सर्वत्र सोडले, तर पाच-सात पिढ्यांत काळी मेंढी नावापुरती उरेल.

चौथ्या कारणात आमचाही वाटा आहे. आम्ही हयात शाळेत घालविली. वाडा हलला की हजेरीपटावरील आपल्या मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडत. त्या पाहून आम्ही पालकांस एकच सांगत असू, “मेंढरे विका, पोरगा शिकवा.” मुलांनी शिकावे हे बरोबरच होते. पण मेंढी राखणे हे अडाण्याचे काम, असे जे आम्ही त्याबरोबर शिकविले, ते चुकले. मल्हारराव होळकर बालपणी मेंढरांमागे फिरले, हे जयंतीच्या भाषणात आम्ही अभिमानाने सांगत असू, आणि त्याच दिवशी वर्गातील मेंढक्याचा पोर मान खाली घालून बसे.

तथापि सर्व संपले असे नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लक्ष मेंढ्या होत्या. १९७८ साली स्थापन झालेले, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालणारे शेळी-मेंढी विकास महामंडळ आहे, आणि त्याचे एक प्रक्षेत्र आपल्या अंबाजोगाईस आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनीवर संशोधन होते. फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनीत बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळे देण्याचा गुण आणून ‘नारी सुवर्णा’ घडविली. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर ठेवलेला आहे. तीन-चार एकरांच्या शेतकऱ्यास वीस मेंढ्या जड नाहीत. घरचे खत होते, बांधाचा चारा कारणी लागतो, आणि अडीअडचणीस एक नर विकता येतो. मात्र नर घेताना तो दख्खनीच असावा, त्याची आई पाहून घ्यावा, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कळपातील नराशी बदलावा, म्हणजे एकाच रक्ताचा दोष शिरत नाही.

शेवटी संघाच्या कार्यकारिणीस आमची एक नम्र सूचना आहे. पुढील वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या शेजारी ज्याने शुद्ध काळा नर राखला आहे अशा एका मेंढपाळास बसवावे, आणि नारळ व घोंगडी देऊन त्याचा सत्कार करावा. घोंगडी हातमागावरची असावी. तिचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आनंदाने देऊ. बिरोबा सर्वांचे कल्याण करो.