बिडी वळणारा: कामगार की ठेकेदार?

डिसेंबर 1960. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका बिडी कारखान्यातील माणसांना ‘कामगार’ ठरवले. ऑक्टोबर 1961. त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या कारखान्यात बिड्या वळणाऱ्या एका माणसाला ‘कामगार’ मानण्यास नकार दिला. मध्ये अकरा महिनेही गेले नव्हते. तंबाखू तोच, पान तेच, वळण्याची रीतही तीच. मग फरक कशात पडला? आजचा धागा त्याविषयी.

आधी हे पाहू, की या एका शब्दासाठी माणसे दिल्लीपर्यंत का गेली. 1948 च्या कारखाने कायद्याने वर्षात 240 दिवस काम करणाऱ्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. पण ती ‘कामगारा’ला. समोरचा माणूस स्वतंत्र ठेकेदार ठरला, तर रजेचा प्रश्नच मिटतो. मालक तेव्हा मालक राहत नाही. तो केवळ गिऱ्हाईक होतो.

हा युक्तिवाद बिडीवाल्यांच्या आधी मिठागरांत झाला होता. कच्छच्या छोट्या रणात ध्रांगध्रा केमिकल वर्क्स आगरियांकडून मीठ पिकवून घेई. मोबदला मणावर. हजेरीपट नाही, कामाचे तास नाहीत. आगरिया कुटुंबासह राबे, गरज पडल्यास स्वतःच्या खर्चाने मजूर लावी. हे सर्व स्वतंत्र ठेकेदार आहेत, असे कंपनीचे म्हणणे. नोव्हेंबर 1956 मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. काम ‘काय’ करायचे एवढेच नव्हे, तर ‘कसे’ करायचे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ही कसोटी त्याने लावली. खाऱ्या पाण्याची घनता तपासणारा अधिकारी कंपनीचा होता. नाकारलेले मीठसुद्धा आगरियाला बाहेर विकता येत नसे. असा कसला हा स्वतंत्र व्यापारी!

1958 मध्ये मात्र काटा उलटा फिरला. मध्य प्रदेशातील सागर येथील बिडी कारखानदार ‘सट्टेदारां’ना तंबाखू देत आणि तयार बिड्या घेत. सट्टेदार हे काम आपल्या जागेत, आपल्या माणसांकडून करून घेत. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालाने सट्टेदार स्वतंत्र ठेकेदार ठरले, आणि त्यांच्या हाताखालची माणसे मूळ कारखान्याची कामगार उरली नाहीत. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत असेल. पण मधला माणूस उभा केला की जबाबदारी टळते, हा धडा त्यातून कोणालाही घेता आला असता.

आता नागपूर. तेथील कामगारांनी पंधरा दिवसांची रजा घेतली, व्यवस्थापनाने त्या दिवसांचे वेतन दिले नाही. बचाव ओळखीचा: हे लोक नगावर पैसे घेतात, हवे तेव्हा येतात-जातात. न्यायमूर्ती वांछू यांचे उत्तर मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणे वाटते. बिडी वळणे हे इतके साधे काम आहे की दिवसभर कोणी डोक्यावर उभे राहण्याची गरजच नसते. दिवसअखेर वाईट बिड्या बाजूला काढणे हीच देखरेख. शिवाय तेथे हजेरी मांडली जात होती आणि दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नव्हते.

1961 च्या प्रकरणात, शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, बहुमताने नेमके याच तपशिलांवर बोट ठेवले. येथे येण्याची सक्ती नव्हती, केव्हाही निघून जाण्याची मुभा होती. म्हणून नियंत्रण नाही, म्हणून कामगार नाही. वेगळे मत नोंदवणारे न्यायाधीश कोण? तेच सुब्बा राव. सट्टेदाराला स्वतंत्र मानणाऱ्या न्यायमूर्तींना कारखान्यात बसून बिड्या वळणारा हा माणूस मात्र कामगारच वाटला. मला ते पटते. हजारी दराने पैसे मिळणाऱ्याने लवकर घरी जाण्याची ‘मुभा’ म्हणजे त्या दिवशी कमी कमावण्याची मुभा.

म्हणजे कारखान्याच्या दाराशी हजेरीची वही आहे की नाही, यावर रजा अवलंबून. आणि घरी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या असंख्य बाया तर या चर्चेत जवळजवळ कोठेच नव्हत्या.

हा पेच न्यायालयाने नव्हे, संसदेने सोडवला. 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल घेऊन घरी बिड्या वळणाऱ्यांनाही ‘कर्मचारी’ म्हटले. काम थेट मालकाचे असो वा ठेकेदारामार्फत आलेले. ज्याच्यासाठी किंवा ज्याच्या वतीने माणसे लावली जातात, तो ‘मुख्य मालक’ जबाबदार झाला. राज्यांच्या नियमांनी आणखी एका दुखऱ्या जागेला हात घातला: ‘छाट’. बिड्या वाईट म्हणून नाकारायच्या आणि मजुरी कापायची, ही जुनी तक्रार. आता सर्वसाधारणपणे 5 टक्क्यांहून अधिक बिड्या छाटात टाकता येत नव्हत्या.

कारखानदार अर्थातच न्यायालयात गेले. त्यात मंगळूर गणेश बिडी वर्क्स आघाडीवर होते. घरोघरी पसरलेल्या माणसांवर आमचे नियंत्रण कसे असणार, हा त्यांचा प्रश्न होता. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.