पेट्रोलवरचा कर आणि डोंगरावरचे जंगल

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देश आकाराने आपल्या विदर्भाच्या निम्म्याहून थोडासा मोठा आहे. नकाशावर तो चटकन सापडत नाही. पण जंगल आणि शेती यांचा हिशेब एकाच वहीत कसा मांडायचा, हा प्रश्न निघाला की शास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ हमखास याच देशाकडे बोट दाखवतात. त्यामागची हकीकत साधीसरळ नाही आणि म्हणूनच ती वर्गात सांगण्याजोगी आहे.

१९४०च्या सुमारास या देशाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश भूमीवर जंगल होते. १९८०च्या दशकात ते चतुर्थांशाच्या आसपास उरले. जंगल कोणी तोडले? लाकूडतोड्या कंपन्यांनी, असे उत्तर आपल्या मनात येते. प्रत्यक्षात तो उद्योग मुख्यतः शेतकऱ्यांनी आणि गुरे पाळणाऱ्यांनी केला, तोही सरकारच्या आशीर्वादाने. पडीक जमिनीवर हक्क सांगायचा असेल तर जमीन ‘सुधारली’ आहे असे दाखवावे लागे आणि झाडे तोडणे ही सुधारणा मानली जाई. उभे जंगल म्हणजे मालकाने कष्ट न केल्याचा पुरावा! शिवाय अमेरिकेत गोमांसाला मागणी होती आणि सरकारी बँका गुरांसाठी स्वस्तात कर्ज देत होत्या. डोंगरउतारावर कुरणे पसरली. पाऊस धो-धो पडणारा. उघड्या उतारावरची माती काही वर्षांत वाहून गेली आणि गवतही निकृष्ट झाले.

थोडक्यात, जंगल तोडायलाही पैसाच कारणीभूत होता. निधीची चर्चा करताना आपण ही बाजू बहुधा विसरतो. नव्या योजनेला पैसा कोठून आणायचा, हे आपण विचारतो. जुना पैसा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे मात्र विचारत नाही.

सरकारला चूक उमगली, तेव्हा पहिला उपाय सुचला तो करसवलतीचा. १९७९पासून झाडे लावणाऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळू लागली. आता प्राप्तिकर भरतो कोण? मोठा जमीनदार किंवा कंपनी. लहान शेतकऱ्याला या सवलतीचा काडीचाही उपयोग नव्हता. १९८६ साली सरकारने विकता येतील अशी प्रमाणपत्रे काढली आणि १९८८मध्ये लहान शेतकऱ्यांच्या संघटनांना ती आगाऊ देण्याची सोय केली. झाड लावल्यावर उत्पन्न हाती यायला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि घरचा खर्च तर दर आठवड्याचा असतो, ही साधी गोष्ट कायद्याला कळायला नऊ वर्षे लागली.

१९९६चा वनकायदा हा खरा वळणाचा टप्पा. त्याने दोन गोष्टी एकत्र केल्या. पहिली, नैसर्गिक जंगलाचे शेतात किंवा कुरणात रूपांतर करण्यावर बंदी. दुसरी, जंगल राखणाऱ्याला मोबदला. हे अनुदान नव्हते, सेवेचे मोल होते. जंगलाच्या चार सेवा कायद्याने नोंदवल्या : हरितगृह वायू शोषून घेणे, पाण्याचे रक्षण, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य. सुरुवातीला राखलेल्या जंगलासाठी हेक्टरी वर्षाला चाळीस-पंचेचाळीस डॉलर मिळत आणि करार पाच वर्षांचा असे.

आणि पैसा? तो पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्याने तो शोषणाऱ्याला पैसे द्यावेत, असा तो हिशेब. कायद्यात या कराचा एकतृतीयांश भाग जंगलासाठी राखला होता. पण अर्थखात्याने पूर्ण रक्कम क्वचितच सोडली. २००१ साली हा वाटा कराच्या साडेतीन टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा कोठे पैसा नियमितपणे मिळू लागला. कागदावरच्या मोठ्या वाट्यापेक्षा हाती पडणारा लहान वाटा बरा, असे मला वाटते. बाहेरूनही पैसा आला. १९९७मध्ये नॉर्वेने दोन लाख टन कार्बनसाठी वीस लाख डॉलर दिले. एका खासगी जलविद्युत कंपनीने नदीच्या वरच्या अंगाला जंगल राखणाऱ्यांना हेक्टरी दहा डॉलर देऊ केले, कारण जंगल तुटले तर गाळ तिच्याच बंधाऱ्यात येणार होता.

विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर ही कल्पना आपल्याला परकी नाही. शिक्षकांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची कपात असते. १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी आणि १९९०पासून त्याच योजनेतून खासगी जमिनीवर फळबागा उभ्या राहिल्या. कोकणातील कितीतरी आंबा-काजूच्या बागांत शहरी पगारदाराचा पैसा आहे.

कोस्टा रिकाच्या योजनेत सुरुवातीला एक मोठी उणीव होती. मोबदला मिळे तो सलग जंगलाला. शेतातल्या झाडांचे काय? कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी आपल्या पांगाऱ्याचा एक भाऊबंद लावतात, त्याचे काय? २००३-०४च्या सुमारास शेतातील झाडांना नगावर मोबदला सुरू झाला. त्याच काळात, २००२पासून, एस्पार्सा या कुरणांच्या भागात आणखी बारकाईचा प्रयोग झाला. शेजारच्या निकाराग्वात आणि कोलंबियातही तो चालला. प्रत्येक प्रकारच्या जमीनवापराला गुण दिले. उजाड कुरणाला शून्य, झाडे नसलेल्या सुधारित कुरणाला अर्धा, मूळ जंगलाला दोन. शेतकऱ्याचे गुण जेवढे वाढतील तेवढे पैसे, दर वाढीव गुणाला वर्षाला ७५ डॉलर. ज्याच्याकडे आधीपासून झाडे होती त्यालाही एकदाच थोडी रक्कम दिली. नाहीतर त्याने आधी झाडे तोडून मग लावली असती! मुलांना आपल्या गावाची शिवार-फेरी करून अशी गुणपत्रिका बनवायला सांगावी. एकाच शिवाराला दोन गट वेगवेगळे गुण देतील आणि त्यावरून जो वाद होईल तोच खरा धडा.

या कुरणांत सर्वांत सोपी वाढ झाली ती जिवंत कुंपणांची. गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या की त्या फुटतात, तारेला खांब मिळतो आणि पाला जमिनीचा व गुरांचा होतो. हिरवळीच्या खतासाठी आपल्या बांधांवर लावतात तेच हे झाड. ते मूळचे मध्य अमेरिकेचेच आहे.

आता मूळ प्रश्न. आज कोस्टा रिकाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल आहे. ते या पैशामुळे परतले का? पहिल्या काही वर्षांच्या अभ्यासांचे उत्तर उत्साह थंड करणारे आहे. मोबदला बराचसा अशा दूरच्या, चढाच्या जमिनींना मिळाला होता की ज्यांवरचे जंगल तसेही कोणी तोडले नसते. शिवाय गोमांसाचे भाव १९८०च्या दशकातच घसरले होते, स्वस्त कर्जे आटली होती आणि सोडून दिलेल्या कुरणांवर जंगल आपोआप परतू लागले होते. ज्यांच्याकडे मालकीची पक्की कागदपत्रे नव्हती, ते गरीब शेतकरी बराच काळ योजनेबाहेरच राहिले. पुढे महत्त्वाच्या भागांना प्राधान्य देऊन निवड सुधारली गेली. तरी माझ्या मते या पैशाचे मोठे काम वेगळेच होते : बंदीचा कायदा शेतकऱ्याच्या गळी उतरवणे. नुसती बंदी घातली असती तर ती रात्रीच्या कुऱ्हाडीपुढे कितपत टिकली असती, याची शंकाच आहे.

२०२२ साली जागतिक बँकेने या देशाला २०१८ व २०१९ या दोन वर्षांत वाचवलेल्या सुमारे ३३ लाख टन कार्बन डायऑक्साइडबद्दल १ कोटी ६४ लाख डॉलर दिले, म्हणजे टनाला पाच डॉलर. मात्र मुख्य आधार इंधनावरचा करच आहे आणि तेथे नवा पेच उभा राहतो आहे. २०१८ साली याच देशाने विजेवरच्या वाहनांना उत्तेजन देणारा कायदा केला. वीज बहुतांशी पाण्यापासून बनते आणि ते पाणी वरच्या जंगलातून येते. रस्त्यावर जितक्या विजेच्या मोटारी वाढतील, तितके पेट्रोल कमी खपेल आणि तितकाच जंगलाचा वाटाही घटेल.