बांधांचा इतिहास

गावाचा इतिहास लिहिताना आपण देवळातील शिलालेख वाचतो, घराण्याची वंशावळ शोधतो. शेताचा बांध मात्र सहसा कोणी वाचत नाही. जोयडा तालुक्यात तरी तो वाचावयास हवा, असे आम्हांस वाटते.

कॅसलरॉकच्या बाजूस वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. अशा उतारावर उघडी माती टिकत नाही. म्हणून ओहोळांच्या काठाने एकाखाली एक भातखाचरे काढली गेली. त्यांचे दगडी बांध चुन्यावाचून, कोरडे रचलेले असतात. हे अज्ञान नव्हे. फटींतून पाणी झिरपते, त्यामुळे बांधामागे दाब साचत नाही. जादा पाण्यासाठी सांडवा ठेवतात. वरचा आणि खालचा सांडवा एका रेषेत येऊ देत नाहीत, नाहीतर पाण्याला वेग येऊन सारी उतरण खरवडली जाते.

या भागात पूर्वी डोंगरावर कुमरी चाले. जंगल तोडून, जाळून नाचणी पेरीत आणि काही वर्षांनी जागा बदलीत. १८६० च्या सुमारास मद्रास सरकारने कुमरीवर कडक निर्बंध घातले. १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या सीमा आवळल्या. फिरती शेती आखडली, तसा खोऱ्यातील स्थिर खाचरांचा आधार वाढला.

त्याच खोऱ्यांवर पुढे पाणी चढले. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरील जुने सुपे धरणाखाली गेले. १०१ मीटर उंचीचे हे धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. घरांबरोबर पिढ्यांनी बांधलेली शेतेही बुडाली. घरांची मोजदाद झाली. बांधांत जिरलेल्या श्रमाची कशी व्हावी?

उरलेल्या बांधांना वेगळाच धोका आहे. बांध एकदा रचून भागत नाही. वैशाखात ढासळलेले दगड बसवावे लागतात, रुजलेली झाडे उपटावी लागतात. पावसात खेकड्यांची बिळे बुजवावी लागतात. हे काम सावडीने होई. आता तरुण गोव्यास वा बेळगावास असतात. वरच्या शेताचा धनी दूर गेला, की त्याचा फुटका बांध खालच्याचे पीक नेतो. पडीक शेत कधी एकट्याचे नसते.

फिलिपाइन्समधील इफुगाओ येथील भाताच्या पायऱ्या १९९५ साली जागतिक वारसा ठरल्या. निगेअभावी २००१ साली त्यांची नोंद धोक्यातील वारशांत झाली. लोक पुन्हा कामास लागले, डागडुजी झाली, आणि २०१२ साली त्या त्या यादीतून बाहेर आल्या. वारसा मानाच्या पाटीने टिकला नाही, हातांनी टिकला.

आपल्या बांधांना अशी पाटी नाही. मात्र देवीच्या उत्सवास गावी जाणाऱ्या कुटुंबांनी वैशाखात एक दिवस बांधासाठी राखला, वा जमीन कसणाऱ्या शेजाऱ्यास दुरुस्तीचा खर्च दिला, तर खालची शेते वाचतील. वंशावळीत पूर्वजांची नावे असतात. त्यांचे काम अद्याप उतारावर उभे आहे. ते उभे ठेवणे हेच आम्हांस खरे तर्पण वाटते.