वर्गणीतून पगार, पण पगार म्हणायचं नाही

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, पैशांची आहे, आणि खरं सांगायचं तर एका शब्दाची आहे.

सप्टेंबर १९५५. कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लुईस या छोट्या कॉलेजकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन नावाच्या खेळाडूच्या डोक्याला जबर मार बसला आणि तो गेला. त्याच्या बायकोने भरपाई मागितली. कामावर असताना कामगार दगावला तर घरच्यांना मिळते, तशी. १९५७ मध्ये तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, सबब हा कामगार नव्हे!

त्याच काळात 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द रूढ झाला. तो आणला एनसीएएने, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने. तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच कबूल केलंय, की खेळाडू कामगार ठरू नयेत म्हणून हा शब्द घडवला होता. विद्यार्थी आहे ना, मग पगार कसला?

आता हे 'कॉलेजचे सामने' म्हणजे आपल्याकडचं गॅदरिंग समजू नका. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात, वानखेडेच्या तिप्पट. अलाबामाचे कोच निक सेबन यांचा पगार वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर गेला होता. पैसा सगळीकडे होता, फक्त खेळणाऱ्या पोराच्या खिशात जायला बंदी होती.

तरी तो जायचाच. श्रीमंत चाहत्यांना तिकडे 'बूस्टर' म्हणतात, आणि ते गुपचूप पाकिटं द्यायचे. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत एका बूस्टरच्या पैशातून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर दिल्याचं उघड झालं. १९८७ चा त्यांचा अख्खा सीझन रद्द झाला. या शिक्षेला लोक 'डेथ पेनल्टी' म्हणतात. टीम पुढची कित्येक वर्षं सावरली नाही.

मग एड ओबॅनन. यूसीएलएचा १९९५ चा बास्केटबॉल चॅम्पियन. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला. तोच ३१ नंबर, तसाच डावखुरा. पैसे? शून्य. त्याने २००९ मध्ये केस टाकली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा, ओळख वापरून जाहिराती करायला मुभा मिळाली.

कल्पना अशी होती, की पोरगा बुटांची जाहिरात करेल, शोरूमचं उद्घाटन करेल आणि पैसे घेईल. पण काही महिन्यांतच चाहत्यांनी 'कलेक्टिव्ह' काढले. म्हणजे काय, तर वर्गणी मंडळ. गणपतीला कशी पावती फाडतो, तसं. फ्लोरिडातल्या 'गेटर कलेक्टिव्ह'ला चाहते मेंबर होऊन पैसे द्यायचे, आणि त्यातून खेळाडूंना करार मिळायचे. टेक्सासमध्ये तर एका गटाने डिसेंबर २०२१ मध्ये 'पॅनकेक फॅक्टरी' जाहीर केली. समोरच्याला आडवं करून वाट मोकळी करणारे जे धिप्पाड गडी असतात, त्यातल्या स्कॉलरशिपवाल्या प्रत्येकाला वर्षाला ५० हजार डॉलर. बदल्यात काय करायचं? समाजसेवेच्या कार्यक्रमांना जायचं. (या गड्यांचे चेहरे हेल्मेटमागे असतात. त्यांचा चेहरा बघून कोण काय विकत घेणार, मला सांगा!)

म्हणजे पाकीट तेच, फक्त वर 'जाहिरात' लिहिलं. पुढे जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या इन्कम टॅक्सवाल्यांनीही सांगितलं, की अशा बऱ्याच गटांना धर्मादाय म्हणून करसवलत मिळू नये, कारण फायदा मुख्यतः खेळाडूंनाच होतो.

मला पोरांना पैसे मिळाले याचं काही वाईट वाटत नाही. त्रास वेगळाच आहे. पगार असता तर नोकरीचे कायदे आले असते. इथे फक्त चाहत्यांच्या एका गटाचा कागद. जेडन रशादा हा शाळकरी क्वार्टरबॅक. २०२२ च्या शेवटी त्याचा गेटर कलेक्टिव्हशी सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार झाला. पहिला हप्ता ५ लाखांचा. तो द्यायची वेळ आली आणि कलेक्टिव्हने करारच रद्द केला! पोरगा फ्लोरिडाला गेलाच नाही, ॲरिझोना स्टेटमध्ये खेळला. मे २०२४ मध्ये त्याने फ्लोरिडाचे कोच आणि एका बूस्टरवर फसवणुकीचा दावा लावला. त्याचं म्हणणं, या शब्दावर भरवसा ठेवून मी दुसरीकडची मोठी ऑफर सोडली.

आणि तुमच्यातलं कोणी एफ-१ व्हिसावर तिकडे असेल तर लगेच कळेल. परदेशी खेळाडूला ही वर्गणी घेणंही अवघड, कारण काम केलं तर व्हिसा धोक्यात. केंटकीचा ऑस्कर शिबवे हा मूळचा काँगोचा. २०२२ मध्ये टीम बहामाजला गेली, तेव्हा त्याने अमेरिकेबाहेरच जाहिरातींची कामं उरकून घेतली. म्हणजे या एका पोरासाठी मात्र ते 'काम' होतं.

जून २०२५ मध्ये ताजा समझोता मंजूर झाला. जुन्या खेळाडूंना मिळून २८० कोटी डॉलर, आणि कॉलेजांना आता थेट पैसे द्यायची परवानगी, पहिल्या वर्षी प्रत्येकी जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. कलेक्टिव्हचे ६०० डॉलर किंवा त्यावरचे करार आता तपासले जातात. खरंच जाहिरात आहे का, भाव बाजाराला धरून आहे का, हे बघतात. समझोता मंजूर करणाऱ्या न्यायाधीश क्लॉडिया विल्केन, ओबॅननच्या केसमधल्याच.

आणि खेळाडू कामगार आहे की नाही? त्याचं उत्तर या समझोत्यात दिलेलंच नाही.