गाळ राखणाऱ्यांची कुळकथा

येलहंक्याच्या प्रक्रिया केंद्रात सांडपाणी शुद्ध होतं आणि तिथून पाईपाने विमानतळापर्यंत जातं. अशा केंद्रांतलं सर्वांत रुळलेलं तंत्र म्हणजे सक्रिय गाळाचं. ते जन्मलं मँचेस्टरला, पण त्याच्या मागचा माणूस दोनच वर्षांत बंगळुरूला आला.

तो माणूस म्हणजे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर. गॅस कारखान्यांच्या पाण्यातलं विषारी फिनॉल खाऊन जगणारे जिवाणू असतात, हे त्यांनी आर्डर्न आणि लॉकेट या सहकाऱ्यांसह दाखवलं होतं. १९१२ साली ते अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या प्रयोगशाळेत सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग चालू होते, ते त्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी आर्डर्न-लॉकेटना तेच करून पाहायला सांगितलं.

नुसती हवा फुंकून पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग या दोघांनी वरचं निवळ पाणी ओतून दिलं, तळचा गाळ मात्र राखला, त्यावर नवं सांडपाणी भरलं आणि पुन्हा हवा सोडली. असं करत गेल्यावर गाळ साठला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्या गाळातच भुकेले जिवाणू दाटीने वाढले होते. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ ते ऑक्सिजनच्या मदतीने खातात, एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. ३ एप्रिल १९१४ रोजी या प्रयोगांवरचा निबंध मँचेस्टरला वाचला गेला. माझ्या मते शोधाचं मर्म हवेत नाही, गाळ न टाकण्यात आहे.

१९१६ मध्ये फाउलर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. पुढे १९४०च्या दशकात तिथेच एस. सी. पिल्लई आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी गाळातल्या आदिजीवांवर (प्रोटोझोआ) काम केलं. सुटे जिवाणू खाऊन आदिजीव पाणी नितळ करतात, हे आज सर्वमान्य आहे. बंगळुरूने हा वारसा अभिमानाने सांगायला हवा.

घरगुती सांडपाण्यापेक्षा कारखान्याच्या पाण्याची गोष्ट अवघड. रंग, औषधं, द्रावकं यांची सवय जिवाणूंना हळूहळू लावावी लागते. आम्लाचा एक लोंढा आला की गाळ मरतो. हवा बंद पडली तरी तो गुदमरतो, आणि केंद्राच्या विजेचा मोठा वाटा हवेवरच खर्च होत असल्याने बिल वाचवायला आधी हवा फुंकणारे ब्लोअर थांबवले जातात. म्हणून आपल्या भागातल्या कारखान्याला ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, आहे का, एवढंच विचारून थांबू नका. ब्लोअर रात्रभर चालतो का, हेही विचारा.