हरीश साळवे : सॉलिसिटर जनरल ते सीमाप्रश्नाचा दावा

जांबोटी : खानापूर तालुक्यात सीमाप्रश्नाचा विषय निघाला की "सुप्रीम कोर्टात काय चाललंय?" हे विचारलं जातंच. महाराष्ट्राने या दाव्यासाठी नेमलेल्या ज्येष्ठ वकिलांत हरीश साळवे यांचे नाव आहे. त्यांची कारकीर्द पाहिली तर दावा कुठे अडतो, तेही समजते.

साळवे नागपूरच्या मराठी कुटुंबातले. वडील एन. के. पी. साळवे केंद्रीय मंत्री आणि क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. हरीश साळवे आधी चार्टर्ड अकाउंटंट झाले, मग वकील. त्यामुळे कर आणि व्यापाराचे खटले हा त्यांचा हातखंडा. १९९२ मध्ये ते ज्येष्ठ वकील झाले. १९९९ ते २००२ या काळात ते देशाचे सॉलिसिटर जनरल, म्हणजे अॅटर्नी जनरलनंतरचे केंद्राचे दुसऱ्या क्रमांकाचे वकील होते.

पुढे ते खासगी वकिलीत परतले. व्होडाफोन खटल्यात त्यांनी कंपनीची बाजू मांडली. परदेशात झालेल्या शेअर व्यवहारावर भारताचे आयकर खाते कर लावू शकते का, हा मुद्दा होता. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने "नाही" म्हटले. पण त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी दुरुस्ती करून कायदाच बदलला. ती तरतूद मागे घ्यायला २०२१ उजाडले.

कुलभूषण जाधव प्रकरणात त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताची बाजू मांडली, मानधन एक रुपया. तिथेही पाकिस्तानने न्यायालयाच्या अधिकारावरच हरकत घेतली होती. ती फेटाळली गेली. १७ जुलै २०१९ च्या निकालात जाधव यांना वकिलातीची मदत आणि शिक्षेचा फेरविचार मिळाला, सुटका मात्र नाही.

सीमाप्रश्नाची गाठही इथेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यावे असे सुचवले, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राला हा अहवाल मान्य नव्हता. २००४ मध्ये महाराष्ट्राने राज्यघटनेच्या कलम १३१ खाली दावा दाखल केला. दोन राज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात नेण्याची सोय या कलमात आहे. कर्नाटकचे म्हणणे असे की, कलम ३ नुसार राज्यांच्या सीमा ठरवणे हे संसदेचे काम, कोर्टाचे नव्हे.

म्हणजे गावे कुणाची, यावर बोलण्याआधी ते ठरवायचे कुणी, हे ठरावे लागते. वकील कितीही मोठा असला तरी ही पायरी चुकत नाही. आणि व्होडाफोनचा अनुभव सांगतो की कोर्टात जिंकल्यावरही संसदेचे दार उरतेच. सीमाभागातल्या माणसाने म्हणूनच कोर्टाच्या तारखांबरोबर दिल्लीतल्या आपल्या खासदारांकडेही लक्ष ठेवायला हवं.